एंटरप्राइज आर्किटेक्चर: मेटा मॉडेल आधी ठरवावे की प्रश्न?

कोरा_रकाना (धागाकर्ता)

मोठ्या संस्थेतील कामकाजाच्या प्रक्रिया, त्यांना चालवणाऱ्या संगणकप्रणाली, माहितीसाठे आणि यंत्रणा यांचे परस्परसंबंध नोंदवून ठेवणे हे एंटरप्राइज आर्किटेक्चरचे मूळ काम आहे. या नोंदवहीत कोणत्या प्रकारच्या गोष्टींना स्थान द्यायचे, त्यांचे कोणते गुणधर्म टिपायचे आणि कोणत्या दोन प्रकारांमध्ये कोणते नाते जोडता येईल, हे ठरवणारा आराखडा म्हणजे मेटा मॉडेल. आपल्याकडील बहुतेक आर्किटेक्चर विभाग या आराखड्यापासूनच सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात, असे माझे मत आहे.

जॉन झॅकमन यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या चौकटीत 'काय, कसे, कुठे' असे तीनच स्तंभ होते. 'कोण, केव्हा, का' हे १९९२ च्या विस्तारात आले. टोगॅफ या एंटरप्राइज आर्किटेक्चरच्या प्रचलित चौकटीची पहिली आवृत्ती १९९५ ची, पण तिच्यात मजकुराचे औपचारिक मेटा मॉडेल आले ते २००९ च्या नवव्या आवृत्तीत. तिथेही गाभा वेगळा ठेवून शासन, सेवा, प्रक्रिया, माहिती, पायाभूत यंत्रणा आणि प्रेरणा असे सहा विस्तार गरजेनुसार जोडण्याची मुभा दिली आहे. प्रत्यक्षात मात्र सल्लागार मंडळी गाभा आणि सगळे विस्तार एकत्रच नोंदवहीच्या टूलमध्ये (सॉफ्टवेअरमध्ये) चढवतात. एका विमा कंपनीत मी हे जवळून पाहिले आहे. प्रत्येक प्रणालीच्या मालकाला लांबलचक अर्ज भरायला दिला गेला, निम्म्या रकान्यांत 'लागू नाही' आले, आणि उरलेल्या रकान्यांतली माहिती पुढच्या आर्थिक वर्षापर्यंत शिळी झाली. ती रिपॉझिटरी, म्हणजे ही नोंदवही, उघडून कोणी एखादा निर्णय घेतल्याचे मला आठवत नाही.

म्हणून माझा आग्रह असा की, व्यवस्थापनाला ज्या चार-पाच प्रश्नांची उत्तरे खरोखर हवी आहेत ते प्रश्न आधी लिहावेत आणि त्यांच्या उत्तरांना लागेल तेवढेच मेटा मॉडेल बांधावे.

डोंगरवाट

आपला रोग बरोबर ओळखला गेला आहे, पण औषध धोक्याचे आहे. आज सुचणाऱ्या प्रश्नांपुरता आराखडा बांधला, तर उद्याचा प्रश्न आला की हात रिकामे राहतात. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या लायब्ररीतील (अनेक प्रणालींत वापरल्या जाणाऱ्या तयार कोडमधील) सुरक्षेची त्रुटी उघड झाली, तेव्हा 'आपल्या कोणकोणत्या प्रणालींत ही लायब्ररी आहे?' हा साधा प्रश्न सगळीकडे विचारला गेला. आदल्या महिन्यात व्यवस्थापनाला विचारले असते, तर हा प्रश्न कोणाच्याही यादीत सापडला नसता.

दुसरे उदाहरण युरोपचे आहे. तिथल्या वित्तसंस्थांना डोरा हा डिजिटल यंत्रणांच्या भक्कमपणाबाबतचा नियम १७ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. बाहेरून घेतलेली कोणती तंत्रसेवा संस्थेच्या कोणत्या कार्याला आधार देते, त्यासाठी कोणता करार आहे आणि त्या पुरवठादाराच्या मागे आणखी कोणते उपपुरवठादार आहेत, याची नोंदवही या नियमाखाली ठेवावी लागते. पुण्या-मुंबईत बसून युरोपीय बँकांसाठी काम करणाऱ्या अनेकांना याचा अनुभव असेल. जिथे कार्य, प्रणाली, करार आणि पुरवठादार हे प्रकार आधीपासून वेगळे ठेवून एकमेकांशी जोडलेले होते, तिथे ही नोंदवही बरीचशी रिपॉझिटरीतून निघू शकते. जिथे 'पुरवठादार' हा प्रणालीच्या पानावरचा एक साधा मजकुराचा रकाना होता, तिथे ती माणसे बसवून एक्सेलमध्ये उभी करावी लागते.

कोरा_रकाना

लॉग४जेचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. टोगॅफचे मेटा मॉडेल सर्व विस्तारांसह घेतले, तरी त्यात लायब्ररीसाठी स्वतंत्र प्रकार नाही. मोठा आराखडा असलेली संस्थाही त्या आठवड्यात तेवढीच आंधळी होती. ही माहिती माणसाने भरायचीच नसते. प्रत्येक बिल्डबरोबर (कोडपासून चालती प्रणाली तयार होताना) आपोआप निघणाऱ्या घटकसूचीत ती असते, आणि आर्किटेक्चरच्या नोंदवहीला त्या सूचीशी जुळणारा प्रणालीचा एक ओळखक्रमांक पुरतो.

डोराबद्दलचा मुद्दा मात्र वजनदार आहे. तरीही नियम मंजूर झाल्यापासून लागू होईपर्यंत सुमारे दोन वर्षे हाताशी होती, आणि एवढ्या अवधीत आराखड्यात दोन प्रकार वाढवणे अवघड नव्हते.

खातेउतारा

नवा प्रकार वाढवणे सोपे असते, पण असलेला प्रकार दोहोंत दुभंगणे अवघड असते, आणि माझ्या मते सगळी चर्चा या फरकाशी येऊन थांबायला हवी.

३० ऑगस्ट २०१९ रोजी सरकारी बँकांच्या विलीनीकरणाची घोषणा झाली, तेव्हा एकत्र येणाऱ्या बँकांची कोअर बँकिंग (खाती आणि व्यवहार सांभाळणारी मुख्य) प्रणाली समान असल्याचा मुद्दा आवर्जून मांडला गेला होता. युनियन बँक, आंध्र बँक आणि कॉर्पोरेशन बँक या तिन्हींकडे फिनॅकल ही प्रणाली होती. ज्या आराखड्यात 'ॲप्लिकेशन' हा एकच प्रकार असेल, त्यात अशा तीन बँकांचे चित्र एकसारखे दिसेल आणि विलीनीकरण म्हणजे केवळ माहितीचे स्थलांतर वाटेल. उत्पादन (पुरवठादाराचे मूळ सॉफ्टवेअर) हा एक प्रकार आणि एखाद्या बँकेतली त्याची विशिष्ट मांडणी हा दुसरा प्रकार असे वेगळे केले असेल, तरच आवृत्ती, स्थानिक बदल, शेजारी जोडलेल्या प्रणाली आणि व्याजाच्या हिशेबाचे नियम कुठे निराळे आहेत हे दिसायला लागते.

आता हा फरक सुरुवातीला केला नाही आणि नंतर करायचा ठरवला, तर काय होते ते पाहा. 'ॲप्लिकेशन'ला लटकलेली शेकडो नाती एकेक करून तपासावी लागतात, कारण त्यातले कोणते नाते उत्पादनाचे (परवाना, पुरवठादाराचा पाठिंबा) आणि कोणते मांडणीचे (अमुक शाखांचा व्यवहार, अमुक सर्व्हर) हे टूलला कळत नाही. ते विभागातल्या एखाद्या जुन्या माणसालाच ठाऊक असते, आणि तो बहुधा बदलून गेलेला असतो. गुणधर्माचा रकाना वर्षभराने वाढवला तरी फार बिघडत नाही. प्रकारांमधली सीमारेषा मात्र पहिल्या दिवशी ओढावी लागते, मग तिच्याबद्दलचा प्रश्न कोणी विचारलेला असो वा नसो.

तलाठी_सज्जा

महाराष्ट्रातल्या वाचकाला मेटा मॉडेल समजावायला सातबारासारखे दुसरे उदाहरण नाही. गाव नमुना सात हा हक्काचा, गाव नमुना बारा हा पिकांचा, आणि नमुना सातमध्ये 'इतर हक्क' नावाचा रकाना. कुळ असो, बँकेचा बोजा असो वा हस्तांतरणावरची बंधने असोत, ज्यांना स्वतंत्र जागा नाही अशा नोंदी तिथे जातात. ही व्यवस्था टिकली त्यामागे तो उघडा रकाना आहे, आणि जमिनीचा व्यवहार करणारा वकील सर्वांत आधी तोच वाचतो. धागाकर्त्यांच्या छोट्या आराखड्यालाही असा एक रकाना द्यावा, म्हणजे खातेउतारा यांची भीती बरीच कमी होईल.

डोंगरवाट

असहमत. सातबारातला 'इतर हक्क' माणूस वाचतो, म्हणून चालतो. आमच्या नोंदवहीवर प्रश्न विचारणारी क्वेरी असते, आणि मोकळ्या मजकुरातला बोजा तिला दिसत नाही. शिवाय सातबारातील बदल फेरफाराच्या नोंदीशिवाय होत नाही. आमच्याकडे 'टिप्पणी'च्या रकान्यात कोण, केव्हा, काय लिहून गेले याचा पत्ता नसतो. उदाहरणातला टिकाऊ भाग फेरफाराचा आहे, मोकळ्या रकान्याचा नव्हे.

नवे_वारे

ही सारी चर्चा हाताने नोंदी भरण्याच्या काळातली वाटते. आज क्लाउडवरील संसाधने, नेटवर्कवरील वाहतूक, कोडचे साठे हे सगळे यंत्राने वाचता येते. ते एका ग्राफ डेटाबेसमध्ये (वस्तू आणि त्यांची नाती साठवणाऱ्या) जसेच्या तसे ओतावे, आधी आराखडा ठरवूच नये, आणि अर्थ लावण्याचे काम एआयच्या भाषिक मॉडेलवर सोपवावे.

खातेउतारा

यंत्राला 'या सर्व्हरवरून त्या सर्व्हरकडे दर मिनिटाला विनंती जाते' हे दिसते. ती विनंती दावा मंजुरीसाठी आहे की कोणीतरी चालू ठेवून विसरलेल्या चाचणीची आहे, बंद पडली तर कोणाला जाग आणायची, आणि ही प्रणाली पुढच्या वर्षी मोडीत काढायचे ठरले आहे का, हे वाहतुकीत कुठेही लिहिलेले नसते.

आणि आराखडा नसलेल्या ग्राफमध्ये नात्याची दिशा कोण ठरवणार? आर्किमेट या आर्किटेक्चरची चित्रे मांडण्याच्या प्रमाणित भाषेत सेवा देण्याच्या नात्याचा बाण सेवा देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे जातो, तर यूएमएल या सॉफ्टवेअरच्या आकृत्यांच्या भाषेत अवलंबित्वाचा बाण नेमका उलटा, घेणाऱ्याकडून देणाऱ्याकडे. दोन्ही संकेत आपापल्या जागी योग्य आहेत. एका चमूने एक आणि दुसऱ्याने दुसरा संकेत वापरून एकाच ग्राफमध्ये नोंदी केल्या, तर 'हा डेटाबेस बंद केला तर काय काय थांबेल?' याचे उत्तर अर्ध्या ठिकाणी उलटे येईल, आणि भाषिक मॉडेल ते उलटे उत्तर अत्यंत सफाईदार भाषेत देईल.

प्रमाणित आराखड्याचा खरा फायदा मला इथे दिसतो. आर्किमेट २००२ ते २००४ या काळात नेदरलँड्समध्ये घडली, तेव्हा संशोधकांबरोबर तिथला करविभाग, एबीएन ॲम्रो बँक आणि एबीपी हा पेन्शन फंड सहभागी होते. म्हणजे निरनिराळ्या विभागांची चित्रे एकमेकांना जुळत नाहीत हा त्रास ज्यांच्या रोजच्या कामात होता, तेच लोक टेबलाभोवती बसले होते.

नवे_वारे

दिशेचा मुद्दा मान्य. पण मग आराखडा नात्यांपुरता ठेवा आणि वस्तूंची ओळख यंत्राला पटवू द्या. प्रकारांची पन्नास-साठ नावे शिकवण्याचा खटाटोप कशाला?

कोरा_रकाना

खातेउतारा यांनी केलेला गुणधर्म आणि प्रकार हा भेद मी स्वीकारतो, पण तो स्वीकारल्यावरही पहिल्या दिवशी ओढायच्या रेषा माझ्या हिशेबी तीनच निघतात: उत्पादन आणि त्याची मांडणी, संस्थेची क्षमता (ती काय करू शकते) आणि ती आज राबवणारी प्रक्रिया, पुरवठादार आणि त्याच्याशी केलेला करार. बाकी सर्व प्रश्नांमागून यावे, आणि प्रत्येक नव्या प्रकाराबरोबर तो अद्ययावत ठेवणाऱ्या विभागाचे नाव लिहून यावे.

डोंगरवाट

चौथी रेषा राहिली. माहिती आणि ती साठवणारा डेटाबेस यांना एकच समजणारे आराखडे मी भरपूर पाहिले आहेत. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याखाली ग्राहकाने आपली माहिती पुसून टाकायला सांगितली, तर 'ग्राहकाचा पत्ता' ही एकच माहिती कोणकोणत्या साठ्यांत उतरली आहे ते शोधावे लागेल. या प्रश्नाला आपल्या तीन रेषांमध्ये जागा कुठे आहे, ते कृपया सांगावे.