४४०००१ : मूळ, संयुक्त की मुळात संख्याच नाही?

शब्दवेडी_नागपूर
भाचा पाकिटावर पत्ता लिहिताना मध्येच थांबला. “मावशी, ४४०००१ मूळ संख्या आहे का गं?” नागपुरातल्या सिव्हिल लाइन्समधल्या आपल्या जीपीओचा (मुख्य पोस्टाचा) पिनकोड. अंकांची बेरीज ९, म्हणजे ९ ने भाग जाणारच. मूळ कसली, संयुक्त. भागून ४८८८९ आले. हे मात्र चिवट! ७, ११, १३... कुणीच भाग देईना. भाचा म्हणतो, “२२१ पर्यंतच बघू, वर्गमूळ तेवढंच येतं.” २२१ च्या आतली २११ ही शेवटची मूळ संख्या, तिनेही भाग गेला नाही. म्हणजे ४८८८९ मूळ. पण माझं डोकं तिथेच अडकलं. ‘मूळ संख्या’ आणि ‘वर्गमूळ’, दोन्हीकडचं मूळ एकच का?

जुना_मास्तर
शब्द एकच, कामं दोन. ‘मूळ गाव’ म्हणतो तसं मूळ संख्येत ते विशेषण आहे: बाकीच्या संख्या जिच्यातून बनतात ती. ४४०००१ = ३ × ३ × ४८८८९, झालं. वर्गमूळात ते नाम आहे, झाडाच्या मुळासारखं. वर्ग जिथून उगवला ते. हा शब्द जुनाच, आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये वर्गमूळ काढायची रीत दिली त्यातही आहे. हिंदीवाले ‘अभाज्य’ म्हणून मोकळे होतात, गोंधळ नाही; पण मग ‘सहमूळ’ (१ सोडून सामाईक विभाजक नसलेल्या संख्या), ‘जोडमूळ’ (दोनच्या फरकाने येणाऱ्या दोन मूळ संख्या) असे गोड शब्द कुठून आणणार? (४८८८९ जोडमूळ नाही. ४८८८७ ला १९ ने भाग जातो, ४८८९१ ला ३ ने.)

टपाल_हाव
काहून भागाकार करून राहिले बे? पिनकोड संख्या नाही, क्रमांक आहे. ‘चार लाख चाळीस हजार एक’ असं कोणी पत्ता सांगते का? चार चार, तीन शून्य, एक. पहिला ४ आपल्या विभागाचा, शेवटचे तीन अंक पोस्टाचे. १५ ऑगस्ट १९७२ पासून हेच चालू आहे.

शब्दवेडी_नागपूर
हाव भाऊ, पटलं. क्रमांकाची बेरीज करून हाती काही लागत नाही. तरी भाच्याने, खुद्द ४४०००१ सोडून, तिच्या विभाजकांची केलीच: १, ३, ९, ४८८८९, १४६६६७. एकूण १९५५६९, म्हणजे संख्येपेक्षा कितीतरी कमी. अशा संख्येला काय म्हणायचं? बेरीज संख्येशी बरोब्बर जुळली की ‘परिपूर्ण’, जसे ६ आणि २८. कमी पडली की?

जुना_मास्तर
पुस्तकी शब्द ‘न्यून’. मला विचाराल तर अंदाजपत्रकाचे शब्द घ्या: तुटीची आणि शिलकी. १२ चे विभाजक १ + २ + ३ + ४ + ६ = १६, चार शिल्लक. पोरांना लगेच समजतं.

धरमपेठकर
आमचा ४४००१० कोणता मग?

जुना_मास्तर
त्याला ६ ने भाग जातो. ६ च्या पटीतली, ६ हून मोठी कोणतीही संख्या शिलकीच निघते.

टपाल_हाव
म्हणजे सिव्हिल लाइन्स तुटीत अन् धरमपेठ शिलकीत. बाप्पा, त्याले गणित कशाले पाहिजे!