देवगडच्या आंब्याची थेट विक्री : ब्लॉग लिहू की रील्स करत राहू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

देवगड तालुक्यात आमची हापूसची दोनशे कलमांची बाग आहे. पूर्वी सगळा माल वाशीला दलालाकडे जायचा आणि हातात पट्टी (दलालाचा विक्रीचा हिशेब) पडेपर्यंत भाव कळायचा नाही. गेली दोन वर्षं बाबांच्या मागे लागून निम्म्या पेट्या मी पुण्यात थेट गिऱ्हाइकांना पाठवते. ही सगळी व्हॉट्सॲपवरची ओळखीची माणसं. आता ओळखी संपल्या आणि पेट्या उरतात.

म्हणून इन्स्टाग्रामवर पान काढलं. झेल्याने (जाळी लावलेल्या लांब काठीने) आंबे उतरवतानाची एक रील हजारो लोकांनी पाहिली. 'गावची आठवण आली' अशा प्रतिक्रिया भरपूर आल्या, ऑर्डरी चार. वर एप्रिलमध्ये कुणीतरी आमच्याच बागेचे फोटो लावून 'अस्सल देवगड' म्हणून स्वस्तात पेट्या विकल्या. आत कर्नाटकचा आंबा निघाला. फसलेल्या एका ताईंनी मला शोधून फोनवर सुनावलं, कारण फोटोत बाबा उभे होते. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत.

हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क) मिळालं, पण मोबाईलवर पेटीचा फोटो बघणाऱ्याने खरा माल ओळखायचा कसा?

माझ्या मनात ब्लॉग आहे. विक्री मार्च ते मे, बागेत राबणं मात्र बारा महिने. पावसाळ्यात खत, थंडीत मोहोर, मग तुडतुड्यांसाठी फवारण्या. कोणती फवारणी कधी केली हे तारखेनिशी लिहिलं तर विश्वास बसेल असं वाटतं. शिवाय अढी कशी घालायची (म्हणजे गवतात आंबे पिकत कसे ठेवायचे), कच्चा आंबा फ्रिजमध्ये ठेवायचा का, कापल्यावर आत पांढरट स्पंजासारखं निघालं ते काय, हे दरवर्षी फोनवर तेच तेच सांगते. भाऊ म्हणतो, आता ब्लॉग कोण वाचतं? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

ताई, आमचा काजूचा व्यवसाय आहे, त्या अनुभवावरून सांगतो. रील दोन-चार दिवस फिरते आणि खाली जाते. 'आंब्याची अढी कशी घालावी' हे मात्र लोक दर एप्रिलमध्ये गूगलवर शोधणार, तिथे तुमचा लेख सापडला पाहिजे. मराठीतच लिहा. ब्लॉगस्पॉटवर फुकट होतं. रीलखाली लिहिलेली लिंक उघडत नाही, ती प्रोफाइलमध्ये द्या. गूगलवर बागेची व्यवसाय म्हणून नोंद करून जुन्या गिऱ्हाइकांना तिथे अभिप्राय लिहायला सांगा, नवा माणूस आधी तेच वाचतो. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी करणार असाल तर ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो, हे विसरू नका. फोटोवर बागेचं नाव मधोमध टाका, कोपऱ्यातलं कापून टाकतात. चोरलेल्या फोटोंची कॉपीराइटची तक्रार इन्स्टाग्रामकडे करता येते, ती कराच.

धागाकर्ती

खूप आभार, दादा. तक्रार आजच करते. पहिला लेख साक्यावर, म्हणजे आत निघणाऱ्या त्या पांढरट स्पंजासारख्या भागावर, लिहायचा म्हणते. फळ जास्त तयार झालं की साका वाढतो, म्हणून आम्ही चौदा आण्यांवर (सोळा आणे म्हणजे पूर्ण तयार, त्याच्या जरा आधी) उतरवतो, हे सविस्तर सांगेन. पण बाबांना वाटतं, साक्याचं नाव काढलं तर 'यांच्याच आंब्यात साका असतो' असं लोक समजतील. आपल्या मालातला दोष असा उघड लिहिल्यावर गिऱ्हाईक तुटलं की टिकलं? कुणाला अनुभव असेल तर नक्की सांगा, बाबांना वाचून दाखवायचंय.