ग्रंथालयाने घेतलेलं भाषा शिकण्याचं सॉफ्टवेअर कोणी वापरतच नाही, काय करावं?

पानखूण

न्यू जर्सीतल्या एका गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात संदर्भ विभाग सांभाळते. आमच्याकडे मँगो लँग्वेजेसची वार्षिक वर्गणी आहे. ग्रंथालयाचं कार्ड असलेल्या कोणालाही ते फुकट, घरून किंवा फोनवर वापरता येतं. सत्तरहून जास्त भाषा आहेत, उच्चार नोंदवून मूळ आवाजाशी ताडून बघायची सोय आहे. तरी वापर फारच कमी. वर्गणीचं नूतनीकरण तोंडावर आलंय आणि संचालकांनी आकडे मागितलेत.

आतापर्यंत केलं ते इतकंच: संकेतस्थळावर डेटाबेसच्या यादीत नाव, दाराशी एक पोस्टर, मासिक बातमीपत्रात दोन ओळी. गावात मराठी, गुजराती, तेलुगू घरं बरीच आहेत, भारतातून काही महिने राहायला येणारे आईवडीलही असतात.

सुरुवात कुठून करू? "ड्युओलिंगो फुकट असताना हे कशाला?" असं कोणी विचारलं तर काय सांगायचं? आणि संचालकांपुढे नेमके कोणते आकडे ठेवायचे?

चौदाआकडी

प्रचार नंतर. आधी स्वतः वाचक होऊन घरच्या फोनवरून आत जाऊन बघा. कामावरच्या संगणकावरून नको. तिथे ग्रंथालयाच्या आयपी पत्त्यावरून (इमारतीच्या इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून) दार आपोआप उघडतं आणि सगळं ठीक आहे असंच वाटतं.

घरून अडतं ते बहुतेक वेळा पुढच्यापैकी एका ठिकाणी.

पहिलं, ॲप. माणूस पोस्टर वाचतो, ॲप स्टोअरमध्ये नाव शोधतो, ॲप उतरवतो आणि समोर येते वैयक्तिक वर्गणीची किंमत, कारण कंपनी व्यक्तींनाही वर्गणी विकते. "ग्रंथालयात फुकट म्हणाले होते" असं पुटपुटत तो ॲप काढून टाकतो. म्हणून कुठल्याही पत्रकावर नुसतं सॉफ्टवेअरचं नाव छापू नका. क्यूआर कोड द्या, आणि तो कंपनीच्या मुखपृष्ठावर न नेता तुमच्या ग्रंथालयाच्या लॉगिन पानावर नेला पाहिजे. तिथे कार्ड टाकून खातं उघडायचं आणि मग त्याच ईमेलने ॲपमध्ये शिरायचं. क्रम हाच ठेवा.

दुसरं, कार्डाचा क्रमांक. अमेरिकेतल्या ग्रंथालयांत तो बहुधा १४ आकडी असतो: पहिला आकडा २ म्हणजे वाचक (पुस्तकावर ३ असतो), पुढचे चार आकडे ग्रंथालयाचे, मग आठ आकडे त्या कार्डाचे आणि शेवटचा तपासणीचा. कार्डावर तो मोकळ्या जागा सोडून छापलेला असतो. लोक तसाच टाइप करतात आणि काही लॉगिन पानं त्या मोकळ्या जागांवरच अडतात. पानावर "मोकळी जागा न सोडता १४ आकडे" एवढं लिहून टाका.

तिसरं, पडताळणीची पद्धत. कंपनीकडे तुमच्या कार्डांचे फक्त पहिले पाच आकडे नोंदवलेले असतील तर दोन भानगडी होतात. मुदत संपलेली कार्डंही चालतात, आणि शेजारच्या गावाने दिलेलं, तुमच्याकडे चालणारं कार्ड मात्र नाकारलं जातं. त्यापेक्षा एसआयपी२ (बाहेरच्या सेवेने ग्रंथालयाच्या प्रणालीला कार्डाबद्दल विचारायची ठरलेली पद्धत) वापरून थेट तुमच्या वाचक-नोंदींशी जोडणी करून घ्या. म्हणजे कार्ड चालू आहे की नाही ते त्याच क्षणी कळतं. पण तेव्हा दंड थकलेल्या वाचकालाही प्रवेश बंद होऊ शकतो. ऑनलाइन सेवांना ती अट लावायची का, हे आधी ठरवा. माझ्या मते लावू नये. दंड पुस्तकाचा आहे.

चौथं, इंटरनेट पुरवठादार बदलला की ग्रंथालयाचा आयपी पत्ता बदलतो. तो कंपनीला कळवायला कोणीतरी विसरतं आणि इमारतीतलं आपोआप लॉगिन गुपचूप बंद पडतं.

शेल्फवाचक

वरचं सगळं झालं की पोस्टर काढून टाका. दाराशी येणारा माणूस पुस्तक परत करायला आलेला असतो, भाषा शिकायला नाही. ज्याच्या डोक्यात त्या क्षणी भाषा आहे, तो इमारतीत कुठे उभा असतो ते शोधा.

ड्यूई वर्गीकरणातले (पुस्तकं विषयवार क्रमांकांनी लावायची पद्धत) ४०० चे, म्हणजे भाषांचे कप्पे तर आहेतच: जर्मन ४३०, फ्रेंच ४४०, स्पॅनिश ४६०, जपानी ४९५.६, मराठी ४९१.४६. प्रत्येक भाषेच्या कप्प्यावर त्या भाषेच्या नावाची वेगळी चिठ्ठी लावा: "इटालियन इथेही शिका", खाली क्यूआर. "७० भाषा" असं लिहू नका, कोणालाच ७० भाषा शिकायच्या नसतात. जुने सीडीचे भाषासंच अजून असतील तर प्रत्येक डबीवर आतून चिकटवा, कारण ते घेऊन जाणाऱ्याकडे आता सीडी वाजवायचं यंत्र असेलच असं नाही.

त्याहून चांगली जागा म्हणजे ९१४ ते ९१९, प्रवासाची मार्गदर्शक पुस्तकं. जपानच्या पुस्तकात जपानीची पुस्तकखूण. जाडसर कागदावर ५ सेंटीमीटर रुंद, १५ सेंटीमीटर लांब. मागे सहा उपयोगी वाक्यं रोमन लिपीत. पुस्तकातून पडते, हरवते, म्हणून परत आलेल्या पुस्तकात नवी घालायचं काम परतीच्या टेबलावरच्या माणसाला नेमून द्या.

तुमचं ग्रंथालय पासपोर्टचे अर्ज स्वीकारतं का? बरीच ग्रंथालयं स्वीकारतात. पहिल्या पासपोर्टचा डीएस-११ अर्ज घेऊन माणसाला स्वतः यावं लागतं, रांगेत थांबावं लागतं, आणि बहुतेकांचा प्रवास ठरलेला असतो. त्या टेबलावर पुस्तकखुणांचा गठ्ठा ठेवा. इतका नेमका ग्राहक तुम्हाला इमारतीत दुसरीकडे मिळणार नाही.

इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी मजकूर त्यांच्या भाषेत हवा. इंग्रजी येत नाही त्यालाच "लर्न इंग्लिश" असं इंग्रजीत सांगणारी पत्रकं किती ग्रंथालयांत पडून आहेत, मोजायला नको! आणि मराठी घरांना सांगण्याआधी दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासा. मराठी शिकण्याचा अभ्यासक्रम आहे का, हा एक प्रश्न. मराठीतून इंग्रजी शिकता येतं का, हा पूर्ण वेगळा प्रश्न. यादीतल्या बहुतेक भाषा इंग्रजी येणाऱ्यासाठी असतात. दुसऱ्या भाषेतून इंग्रजी शिकवणाऱ्या अभ्यासक्रमांची यादी त्याहून बरीच छोटी असते. मराठीतून नसेल तर हिंदी किंवा गुजराती बघा, पण नसलेलं आहे म्हणून छापू नका.

पानखूण

मोकळ्या जागांचं तपासलं, आमच्याकडेही तसंच अडतंय. पासपोर्टचं टेबल आहे. भारतातून आलेल्या आईवडिलांना कार्ड देता येतं का? आणि ड्युओलिंगोचं राहिलंच.

चौदाआकडी

कार्ड देणं तुमच्या विश्वस्तांच्या नियमावर आहे. बहुतेक ठिकाणी ओळखपत्र आणि गावातल्या पत्त्याचा पुरावा लागतो. पाहुण्याच्या नावाचं वीजबिल नसतंच. त्या पत्त्यावर त्यांच्या नावाने आलेलं टपाल चालतं का, किंवा मुलाने कार्ड दाखवून हमी दिली तर चालतं का, ते विचारा. काहीच जमलं नाही तर इमारतीतल्या संगणकावर कार्डाशिवायही वापरता येईल. मात्र खातं न उघडता पाहुणा म्हणून शिरलं तर प्रगती साठवली जात नाही, दर वेळी पहिल्या धड्यापासून सुरुवात. ईमेल टाकून खातं उघडून द्या. ज्येष्ठांच्या बाबतीत सगळा वेळ इथेच जातो: ईमेलचा पासवर्ड आठवत नाही, पडताळणीचा संदेश भारतातल्या नंबरवर जातो. एकेकाला २० मिनिटं धरा आणि मुलगा किंवा सून सोबत असतानाच करा.

ड्युओलिंगोशी भांडू नका. ते वापरणाऱ्याला "चांगलं चाललंय, चालू ठेवा" म्हणा. फरक विचारला तर एवढंच सांगा: जाहिराती नाहीत, सराव मध्येच थांबवावा लागत नाही, आणि धडा संवादापासून सुरू होऊन वाक्य तुकड्यातुकड्याने उलगडतो, शब्दशः अर्थ आणि खरा अर्थ रंगांनी जोडून दाखवतो. खेळाची, गुणांची गंमत हवी असलेल्याला हे कंटाळवाणं वाटेल, आणि तसं वाटलं तर त्याचं चूक नाही. कधी दुसरं उत्पादन बघायची वेळ आली तर: रोझेटा स्टोन मुख्यतः चित्रांवरून शिकवतं, अनुवादावर भर देत नाही. तरुणांना ते जमतं, साठीच्या पुढच्या नवशिक्याला मात्र "चित्रातला मुलगा पळतोय की हे 'मुलगा'साठीच आहे?" हेच कळत नाही. ट्रान्सपरंट लँग्वेजमध्ये भाषा शंभराहून जास्त आहेत आणि लिपी शिकवणारे धडे चांगले आहेत, पण भर शब्द पाठ करण्यावर. विकत घेण्याआधी चाचणीचा काळ मागा, कंपन्या देतात.

तालुक्याचा_ग्रंथपाल

वाचतोय. महाराष्ट्रातल्या शासनमान्य वाचनालयाला डॉलरमधली वर्गणी परवडणार नाही, पण अभ्यासिकेतली मुलं जर्मन आणि जपानीबद्दल विचारायला लागलीत. जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी महाराष्ट्र सरकारचा २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार झाल्यापासून जर्मनचं जास्तच. आमच्यासारख्यांसाठी फुकटातलं काय काय, तेही इथेच लिहून ठेवतो.

जर्मनसाठी डॉइचे वेलेचा 'निकोस वेग', ए१ ते बी१ (भाषेच्या युरोपीय पातळ्या: ए१ अगदी नवशिक्या, मग ए२, बी१, बी२ अशा चढत्या). छोट्या चित्रफिती, प्रत्येकीमागे सराव. इंटरनेट बेताचं असेल तर एका वेळी दोनच संगणकांवर चित्रफीत लावायची, बाकीच्यांनी सराव करायचा. मुलांना पहिल्याच दिवशी सांगा की नर्सच्या कामासाठी जर्मनीत साधारण बी२ लागतं आणि प्रमाणपत्र परीक्षेतून मिळतं. पुण्या-मुंबईला मॅक्स म्युलर भवनात ती होते. सॉफ्टवेअर पूर्ण केल्याचा शिक्का तिथे चालत नाही. हे न सांगितल्याने गैरसमज होतात आणि दोष वाचनालयाला येतो.

जपानीसाठी जपान फाउंडेशनचं 'इरोदोरी'. पाठ्यपुस्तक पीडीएफमध्ये, आवाज एमपी३ मध्ये, दोन्ही एकदा उतरवून ठेवलं की इंटरनेट नसलं तरी चालतं. इंग्रजीसाठी ब्रिटिश काउन्सिलचं लर्नइंग्लिश, पण सूचना इंग्रजीतच असतात. अगदी नवशिक्याला शेजारी कोणीतरी बसावं लागतं.

सामान: माइक असलेले हेडफोन, तेही कानावर बसणारे, कारण कानात घालायचे कोणी दुसऱ्याचे वापरत नाही. जुन्या संगणकाला आवाज आणि माइकची दोन वेगळी छिद्रं असतात आणि नव्या हेडफोनची पिन एकच असते. दोन पिनांचा जोड घ्या, नाहीतर ऐकू येतं आणि माइक चालत नाही. तरीही माइक चालला नाही तर ब्राउझरने परवानगी विचारली तेव्हा कोणीतरी "नको" दाबलेलं असतं. पत्त्याच्या पट्टीतल्या चिन्हावर जाऊन परवानगी पुन्हा द्या. जर्मन अक्षरांसाठी संगणकाजवळ चिठ्ठी चिकटवा: ऑल्ट दाबून ०२२८, ०२४६, ०२५२ ही तीन उमलाउटची छोटी अक्षरं (ä, ö, ü) आणि ०२२३ हा एसत्सेट (ß). आकडे उजवीकडच्या कळपाटीवरचेच, नम लॉक चालू ठेवून.

वेळा ४५ मिनिटांच्या, नाव नोंदवहीत. आणि एक वैयक्तिक वर्गणी घेऊन तिचा पासवर्ड सगळ्या सभासदांना द्यायचा मोह टाळा. ते अटींत बसत नाही, शिवाय सगळ्यांची प्रगती एकाच खात्यात मिसळून कोण कुठल्या धड्यावर आहे हे कोणालाच कळत नाही.

शेल्फवाचक

नोंदवहीवरून आकड्यांकडे येतो, कारण पानखूणचा तिसरा प्रश्न राहिलाय.

कंपनीच्या अहवालात सत्रं, वेगवेगळे वापरकर्ते आणि मिनिटं असे आकडे येतात. नुसती सत्रं दाखवू नका. एखाद्या संगणकावर ते पान मुखपृष्ठ म्हणून ठेवलं असेल तर ब्राउझर उघडला की एक सत्र, आणि आकडा उगाच फुगतो. वर्गणी भागिले सत्रं हा हिशेब संचालक करणारच: समजा ३,००० डॉलर आणि ६०० सत्रं, म्हणजे सत्रामागे ५ डॉलर. त्याच्याशेजारी तुमच्याच दुसऱ्या दोन डेटाबेसचा तसाच आकडा ठेवा, नाहीतर ५ जास्त की कमी हे कळायला आधारच नाही. मग तीन किंवा अधिक वेळा परत आलेले वापरकर्ते किती, ते मागा. शिकणारे तेच. आणि भाषावार फोड मागा. इंग्रजी शिकणारे वर असतील तर पुढची सगळी पत्रकं तिकडे वळवा.

पुस्तकखुणांवरचा क्यूआर आणि पासपोर्टच्या टेबलावरचा क्यूआर वेगवेगळा करा, दोन्ही एकाच पानावर नेले तरी चालेल. कुठून किती आले ते त्यावरूनच कळतं.

चौदाआकडी

त्यात एक भर: संभाषणाचा गट. सॉफ्टवेअर बोलायला लावतं, पण उत्तर देत नाही. आठवड्यातून एकदा ६० मिनिटं, एका स्वयंसेवकामागे जास्तीत जास्त आठ माणसं, त्या आठवड्याचा धडा सगळ्यांनी घरी ऐकून यायचा.

शेल्फवाचक

यावर थोडा मतभेद. गट चांगला, पण धड्याला बांधला की मोडतो. तिसऱ्या आठवड्यात अर्धे मागे पडलेले असतात आणि लाजेने येतच नाहीत. विषय ठरवा: दवाखाना, बस, शाळेतला फोन. धडा ऐकलेला असो वा नसो, बोलता आलं पाहिजे. जोड्या पाडा, नाहीतर ज्याला आधीच येतं तोच तासभर बोलतो. पडद्यावर धडा सगळ्यांना दाखवायचा असेल तर परवान्यात गटासाठी दाखवणं बसतं का, ते कंपनीकडून लेखी घ्या.

मराठीसाठी स्वयंसेवक शोधत असाल तर जवळच्या महाराष्ट्र मंडळाच्या शनिवार-रविवारच्या मराठी शाळेला विचारा. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अभ्यासक्रमावर चालणाऱ्या शाळा अमेरिकेत बऱ्याच आहेत, शिक्षक आधीच तयार असतात. त्यांना खोली द्या. वर्ग सुटताना पालक न्यायला येतात तेव्हा कार्ड काढायचं टेबल दाराबाहेर मांडा.

पानखूण

लॉगिन पान आणि दोन वेगळे क्यूआर या आठवड्यात करते. कंपनीकडे भाषावार फोड मागितली आहे. परत येणाऱ्यांचा आकडा अहवालात दिसत नाही, तो वेगळा मागावा लागतो का?

शेल्फवाचक

हो, ग्राहक-प्रतिनिधीला ईमेल करा. १२ महिन्यांचा, महिनावार, एक्सेलमध्ये. नुसता "अहवाल पाठवा" म्हटलं तर रंगीत आलेखांचं पीडीएफ येतं.