बेजा माणसाचं जुनं छायाचित्र: खरंच अल्ब्युमेन आहे का, आणि पुठ्ठ्यावरून काढावं का?

तांबूस_कड
प्रिंट २१ × २७ सें.मी., जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेलं. एक बेजा पुरुष (बेजा ही पूर्व सुदान-इजिप्तकडची जमात), गुडघ्यापर्यंत. वर फुलवलेले केस, बाजूंना पीळ घातलेल्या बटा, केसांत लाकडी काटा खोचलेला. पांढरं सुती कापड एका खांद्यावरून गुंडाळलंय, दंडावर चामडी ताईत, हातात गोल ढाल, खांद्याला अडकवलेली तलवार. खाली पांढऱ्या अक्षरांत आकडा आणि फ्रेंच वळणाचं 'बिशारीन'. पुढची सही कडेला कापली गेली आहे. विक्रेता 'सुदानी योद्धा, अल्ब्युमेन, १८७०' म्हणतो आणि भावही तसाच लावतोय. पुठ्ठा धनुष्यासारखा वाकलाय. घेण्याआधी काय तपासू? घेतलं तर पुठ्ठ्यावरून सोडवून फ्रेम करावं का?

दहापट_भिंग
आधी भिंग, इतिहास नंतर. दहापटीचं भिंग पुरेल. गडद केस किंवा पांढरं कापड बघू नका, त्यांच्यामधली करडी छटा बघा, उदाहरणार्थ मागचा पडदा. ओळीत बसलेले ठिपके दिसले तर ते पुस्तकातून किंवा मासिकातून कापलेलं पान. किड्यांनी कोरल्यासारख्या बारीक नागमोडी सुरकुत्या म्हणजे कोलोटाइप, जिलेटिनच्या थरावरून शाईनं केलेली छपाई. निरनिराळ्या रंगांचे विस्कळीत कण म्हणजे फोटोक्रोम, तो दगडी शिळेवरून छापलेला लिथोग्राफ असतो, छायाचित्र नव्हे. करड्या भागात निळे-गुलाबी-पिवळे फवारे दिसले तर सरळ इंकजेट, पुढे बोलायलाच नको.

यातलं काहीच दिसलं नाही आणि छटा सलग असली, तरच ते छायाचित्र. मग अल्ब्युमेन की जिलेटिन ते ठरवायचं. अल्ब्युमेनमध्ये अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर थेट पातळ कागदावर असतो, त्यामुळे चित्रातून कागदाचे तंतू दिसतात. पांढरे भाग पिवळे पडतात, गडद भाग तपकिरी-जांभळट होतात, पृष्ठभागावर केसाएवढ्या भेगा असतात. जिलेटिन प्रिंटमध्ये बहुधा मध्ये बॅरायटाचा पांढरा थर असतो, तो तंतू झाकतो. शिवाय प्रिंट तिरप्या उजेडात धरलं की कडेच्या काळ्या भागावर चंदेरी-निळी झाक मारते.

अक्षरंही बघा. निगेटिव्हवर काळ्या शाईनं लिहिलेलं प्रिंटमध्ये पांढरं उमटतं, म्हणजे तिथे फक्त कोरा कागद दिसायला हवा. वर शाई बसलेली दिसली तर ती मागाहूनची करामत. अंधारात यूव्ही (अतिनील) टॉर्च मारा: कागद निळसर-पांढरा चमकला तर तो साधारण १९५० नंतरचा. चमकला नाही म्हणून जुना, असं मात्र नाही. आणि पुठ्ठ्याच्या वयावर विसंबू नका. जुन्या पुठ्ठ्यावर नवं प्रिंट चिकटवणं फार सोपं आहे.

लाल_समुद्र
'सुदानी योद्धा' हे दुकानाचं लेबल, चित्रावर लिहिलंय ते जास्त कामाचं. बिशारीन ही बेजांची एक शाखा. हादेंदोवा, अमरार, अबाब्दा या इतर. नाईल आणि तांबडा समुद्र यांच्यामधल्या डोंगराळ वाळवंटात, म्हणजे आजच्या पूर्व सुदानपासून इजिप्तच्या आग्नेय भागापर्यंत, ही मंडळी उंट-बकऱ्या राखत आली. आस्वानबाहेरची बिशारींची वस्ती पाहायला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पर्यटक जात, त्यामुळे या मथळ्याची बरीच चित्रं सुदानची नसून इजिप्तची आहेत. पोर्ट सैदचे झांगाकी बंधू, कैरोचा लेकेजियान, लक्सरचा अंतोनियो बेआतो असे छायाचित्रकार त्या बाजारासाठी काम करत. मथळ्याचं अक्षर त्यांच्या सही असलेल्या प्रिंटांशी ताडून बघा, विशेषतः आकड्यांची वळणं.

१८७० साल मी मान्य करणार नाही. एकाच निगेटिव्हवरून वर्षानुवर्षं प्रिंटं काढत, म्हणून निगेटिव्हचं वय वेगळं आणि प्रिंटचं वेगळं. '१८८० ते १९०० च्या सुमारास' याहून बारीक तारीख सही सापडल्याशिवाय लावू नये. मथळ्यात 'फझी-वझी' असतं तर निदान १८८४ नंतरचं म्हणता आलं असतं. ब्रिटिश शिपायांनी केसांवरून दिलेलं ते हिणकस नाव, महदीच्या बंडातला बेजांचा सेनानी ओस्मान दिग्ना याच्या माणसांशी सुआकिन या सुदानी बंदराच्या आसपास झालेल्या लढायांतलं. (१८८५ च्या तोफ्रेकच्या लढाईत २८वी बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीही होती. शिवाय मुंबईहून विलायतेला जाणाऱ्या बोटी सुएझमार्गे पोर्ट सैदला थांबत. असं प्रिंट मुंबईत निघालं तर नवल नाही.)

वेशातलं काय त्या माणसाचं आणि काय स्टुडिओचं, हे मात्र नीट बघा. केस, काटा, ताईत हे त्याचंच असणार. ताइतांत कुराणातली वचनं असतात. शस्त्रं उसनी असू शकतात. बेजांची तलवार सरळ, दुधारी, मुठीला आडवी फुली, म्यानाचं टोक पानासारखं पसरट. ती वाकडी आणि पितळी नक्षीची दिसली तर ती स्टुडिओच्या कोपऱ्यातली. तीच तलवार आणि तीच ढाल दुसऱ्या माणसाच्या हातात, त्याच पडद्यापुढे सापडली, की 'योद्धा' गळून पडतो, आणि त्याच्यापायी चढवलेला भावही.

तांबूस_कड
तपासलं. छटा सलग, तंतू स्पष्ट, कापडाचा पांढरा भाग लोण्यासारखा पिवळा, अक्षरांवर शाई नाही, यूव्हीत चमक नाही. तलवार सरळ आहे, म्यानाचं टोकही पसरट. राहिला पुठ्ठा.

खळ_आणि_कागद
मग अल्ब्युमेनच धरा, आणि पुठ्ठ्यावरून काढू नका. भिजवलं की बलकाचा थर आणि कागद वेगवेगळे फुगतात आणि आहेत त्या भेगा उघडतात. कोरडं सोलायला गेलात तर पातळ कागद फाटतो. पुठ्ठा वाकतो तोही त्या थराच्या ओढीनंच. पुस्तकांखाली दाबून सरळ करायला जाल तर जुना, आम्लामुळे ठिसूळ झालेला पुठ्ठा मधोमध तुटेल, चेहऱ्यातूनच.

वाकलेलंच राहू द्या आणि फ्रेम तेवढी खोल करा. १०० टक्के सुती माउंटबोर्ड, खिडकी कापलेला. पुठ्ठा चार कोपऱ्यांवर पॉलिएस्टरच्या त्रिकोणी कोपऱ्यांत बसवायचा, म्हणजे गोंद मूळ वस्तूला लागतच नाही. काच आणि चित्र यांत, बाक सर्वांत उंच असेल तिथेही, किमान ३ मि.मी. हवेची जागा हवी, नाहीतर दमटपणात थर काचेला चिकटतो. मागे हार्डबोर्ड किंवा प्लायवूड नको.

फ्रेमवाल्याला एक गोष्ट बजावून सांगा: खळ नको. कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालायची पद्धत आहे. पुस्तकाच्या बांधणीत ते चालून जातं, पण अल्ब्युमेनचं चित्र चांदीच्या कणांचं असतं, त्याच्याजवळ तांब्याचे क्षार अजिबात नकोत. ओला बोळा, खोडरबर, चिकटपट्टी हेही नाही. धूळ मऊ कोरड्या ब्रशनं, मधून कडेकडे, आणि थर कुठे सुटलेला असेल तर तेवढी जागा सोडून.

आर्द्रता ३० ते ५० टक्के, उजेड ५० लक्सच्या आत. कोकणपट्टीत पावसाळ्यात ८० च्या वर जाते, तेव्हा बाहेरच्या भिंतीवर टांगू नका. त्या चार महिन्यांत सुती बोर्डाच्या घडीत ठेवून, सिलिका जेलसह झाकणाच्या डब्यात. पिवळेपणा दमटपणानं वाढतो आणि परत जात नाही.

नोंद पुठ्ठ्यावर नको, बाहेरच्या घडीवर शिसपेन्सिलीनं: 'बिशारीन (बेजा) पुरुष, अल्ब्युमेन, अंदाजे १८८०–१९००, सही कापलेली', आणि निगेटिव्हवरचा आकडा जसाच्या तसा.