आईच्या तोलासाठी ऑनलाइन व्यायाम: कुठला कार्यक्रम सुचवाल?

रातराणी७
मंडळी, सल्ला हवाय. आई ७४ वर्षांची आहे. गेल्या आठ महिन्यांत दोनदा पडली. एकदा पहाटे बाथरूमला उठताना, आणि एकदा चक्क वाजणारा फोन घ्यायला वळताना. हाड मोडलं नाही हे नशीब, पण तेव्हापासून ती भिंतीला हात लावत लावत चालते. डॉक्टरांनी तपासून "तोलाचे व्यायाम सुरू करा" म्हणून सांगितलं. रोज नेणं-आणणं मला जमण्यासारखं नाही, म्हणून ऑनलाइन शोधतेय.

एक ॲप घेऊन पाहिलं. त्याने तिसऱ्याच दिवशी एका पायावर उभं राहायला लावलं, तेही डोळे मिटून! फोन टीपॉयवर ठेवलेला. आई मान खाली घालून बघत होती, मग डोळे मिटले आणि गेला झोक. मी शेजारी होते म्हणून धरली. ॲप त्याच रात्री उडवलं. तुमच्या घरी कोणी असं काही करतंय का? फायदा झाला का?

पाऊलवाट
मी फिजिओथेरपिस्ट आहे, गेली काही वर्षं ऑनलाइनही शिकवते. आधी एक काम करा. हात नसलेल्या, भिंतीला टेकवलेल्या खुर्चीत आईंना बसवा, हात छातीवर आडवे, आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभ्या राहून बसतात ते मोजा. त्यांच्या वयाच्या बाईला १० पेक्षा कमी जमलं तर पायांत ताकद कमी आहे असं धरतात. हाताचा आधार घेतल्याशिवाय उठताच आलं नाही तर आकडा शून्य. दुसरं, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून एका रेषेत उभं राहणं. १० सेकंद टिकलं नाही तर पडायचा धोका जास्त. दोन्ही वेळा तुम्ही हाताच्या अंतरावर. हे आकडे लिहून ठेवा, कुठल्याही वर्गाला विचारताना कामी येतील.

कार्यक्रमांत नाव घ्यायचं तर ओटागो. १९९० च्या दशकात न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठात तयार झाला. घोट्याला वजन बांधून मांडीचे आणि खुब्याचे व्यायाम, टाचा उचलणं, आडवं चालणं, उलटं चालणं, खुर्चीतून उठणं असं सगळं, आठवड्यातून तीनदा अर्धा-अर्धा तास, शिवाय चालणं. मूळ कार्यक्रमात प्रशिक्षित माणूस घरी येऊन व्यायाम ठरवून देतो आणि हळूहळू वाढवतो. नुसते व्हिडिओ लावणाऱ्यांकडून नेमकं हेच सुटतं. म्हणून पहिली एक-दोन सत्रं कोणाकडून तरी समोरासमोर करून घ्या, पुढचं ऑनलाइन चालतं.

निवांत_काका
इतकी उठाठेव कशाला? मी ७१ चा, रोज पाऊण तास चालतो, कधी पडलो नाही. आईंना हळूहळू चालायला लावा, आपोआप सुधारेल.

पाऊलवाट
काका, चालणं सोडू नका, हृदयाला आणि मनाला ते हवंच. पण नुसतं चालून पडणं कमी होतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही, आणि ज्याचा तोल आधीच डळमळीत आहे त्याला भरभर चालायला लावलं तर उलट धोका वाढू शकतो. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात १०८ चाचण्या आणि २३ हजारांवर ज्येष्ठ होते. व्यायामाने पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटलं, आणि तोल-ताकद दोन्हीचं मिश्रण होतं तिथे ३४ च्या आसपास. तोल सुधारायचा तर तो थोडा हलवावाच लागतो. खुर्चीत बसून हात वर-खाली केल्याने सांधे मोकळे होतात, तोल तिथल्या तिथेच राहतो.

निवांत_काका
ठीक आहे, मान्य. खुर्चीवाली परीक्षा आत्ताच दिली. ११. बाईंच्या हिशोबात पास, पुरुषांना किती लागतात?

पाऊलवाट
तुमच्या वयाला १२ 🙂

डबलशिफ्ट
काका, या आता वर्गात!
रातराणी, ॲप म्हटलं की सगळीच वाईट नसतात. सिडनीच्या संशोधकांनी 'स्टँडिंगटॉल' नावाचा टॅबलेटवरचा तोलाचा कार्यक्रम ७० च्या वरच्या ५०३ जणांवर दोन वर्षं तपासला, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. पहिल्या वर्षी पडण्यात ठळक फरक नव्हता, दोन वर्षं धरून मात्र प्रमाण १६ टक्क्यांनी कमी. मला त्यातलं 'दोन वर्षं' महत्त्वाचं वाटलं. आम्ही सासूबाईंचं दोन महिन्यांत बंद केलं होतं, "काही उपयोग नाही" म्हणून.

थांबला_तो_संपला
मी स्वतः ७९ वर्षांचा विद्यार्थी, त्यामुळे पलीकडच्या बाजूने सांगतो. थेट चालणारा वर्ग घ्या, आधीच रेकॉर्ड केलेला नको. आमच्यात नऊजण आहेत आणि बाई प्रत्येकाची पावलं बघतात. सुरुवातीला माझा कॅमेरा चेहरा दाखवायचा. बाई म्हणाल्या, "काका, तुमचं तोंड बघून मी काय करू? पाय दाखवा." आता लॅपटॉप दूर कपाटाच्या खणात, डोळ्यांच्या उंचीला, म्हणजे मान खाली घालावी लागत नाही. समोर स्वयंपाकघराचा ओटा, धरायला. खुर्ची सरकते, ओटा सरकत नाही. पायांत घट्ट बसणारे बूट. मोजे घालून तर अजिबात नको.

आणि आईंची भीती हसण्यावारी नेऊ नका. मी पडल्यावर सहा महिने अंघोळीला दार लावून घेत नव्हतो. पाय बरे झाले तरी मन भिंत धरूनच होतं. बाईंनी पहिला महिना मला दोन्ही हातांनी ओटा धरू दिला, मग एका हाताने, मग चार बोटं, मग एक बोट. आता बोट वर उचलतो, पण ओट्यापासून लांब नेत नाही!

पाऊलवाट
हा एका बोटाचा क्रम रातराणी, तुम्ही तसाच्या तसा उचला. वर्ग निवडताना हे बघा: आधी पडल्याचं आणि औषधांचं विचारतात का, तुमचा फोन नंबर घेतात का, आणि व्यायाम वाढवण्याआधी पुन्हा मोजतात का. यातलं काहीच विचारलं नाही तर पुढे जाऊ नका.
एक राहिलंच. पहाटे उठताना पडल्या म्हणालात. झोपून, मग उभं राहून रक्तदाब मोजलाय का? उभं राहिल्यावर तो एकदम उतरत असेल तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं. झोपेच्या गोळ्या आणि चष्माही तपासा. जिना उतरताना जवळचा-लांबचा असे दोन नंबर एकत्र असलेल्या चष्म्यातून पायरी धूसर दिसते.

रातराणी७
सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय.
रक्तदाब खरंच उतरत होता, एक गोळी डॉक्टरांनी बदलली. आता उठताना आधी दोन मिनिटं पलंगाच्या कडेला पाय सोडून बसते. थेट वर्ग मिळाला, आठवड्यातून तीनदा. खुर्चीची परीक्षा पहिल्या दिवशी ६ होती, काल ८.
भिंत अजून धरते. पण काल दात घासताना बेसिनवर एकच बोट टेकवलेलं दिसलं. मला बघून पटकन हात धरला बेसिनला, जशी काही चोरी पकडली.

निवांत_काका
आमचेही १३ झाले, कळवायचं राहिलं होतं.