भोकाचा पैसा आणि सुताची टंचाई

दुसऱ्या महायुद्धाची झळ मुंबई-पुण्याला बसली, सोलापूरसारख्या गावाला काय कळणार, असं कुणी कुणी म्हणतं. मला ते अजिबात पटत नाही. 1942 मध्ये ब्रह्मदेश जपानकडे गेला आणि तिकडचा तांदूळ व रॉकेल बंद झालं. आपल्याकडे ज्वारीची भाकरी, म्हणून तांदळाचं एक वेळ निभलं असेल. पण हातमागाला सूत लागतं! गिरण्या लष्कराच्या कापडात गुंतल्या, सूत महागलं, आणि सोलापूरच्या पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांच्या घरी खड्डामाग (खड्ड्यात पाय सोडून चालवायचे हातमाग) रिकामे राहू लागले. गिरणीच्या भोंग्याच्या गावात कापड सरकारी नियंत्रणाखाली, हे मला फार लागतं.

आमच्या आजीच्या डब्यात 1943 चा भोकाचा पैसा आहे. तांबं वाचवायचं म्हणून मधोमध भोक, जवळपास वाशरच. असे 64 दिले की रुपया. बायका ते दोऱ्यात ओवून कनवटीला लावत.

आणि डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या सोलापूरचे. 1938 मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनला जखमींवर उपचार करायला गेले, 9 डिसेंबर 1942 रोजी तिथेच वारले. 1946 मध्ये दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर चित्रपट काढला. भैय्या चौकातलं त्यांचं स्मारक मुलांना जरूर दाखवा.