ई-सही आहे, पण नोंदणी?

'ओटीपी टाकून ई-सही झाली की भाडेकरार पक्का' असं बरेच जण सांगतात, ते अर्धंच खरं. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने ई-सहीला मान्यता आहे, त्यात वाद नाही. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार (घर ठराविक मुदतीसाठी वापरायला देण्याचा करार) नोंदणीकृतच लागतो, मग तो ११ महिन्यांचा का असेना. आणि जबाबदारी घरमालकाची! नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल तेच आधी खरं धरतात.

घोडबंदर रोडचा आईचा फ्लॅट दिला तेव्हा दलालाने असाच सह्यांचा पीडीएफ टेकवला होता. नोंदणीचा पत्ता नाही. मग नोंदणीसाठी दुसरा एजंट थंब मशीन (अंगठ्याचा ठसा घेणारं यंत्र) घेऊन घरी आला. आईचा अंगठा पाचव्यांदा उमटला, तोवर चहा दोनदा झाला.